रिकाम्या भूखंडावरची सही

तीन राजांच्या सणानंतर आम्ही नाताळचा गोठा उतरवीत होतो, तोच महापालिकेचे उमेदवार दारी आले. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यापासून प्रशासक कारभार पाहत होते. आता १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान व्हायचे होते. आम्ही रस्ता मागितला, दिवे मागितले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मागे उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहतात आणि त्यांचे नाव अजून गावाकडच्याच मतदारयादीत आहे.

त्यांच्या त्या गप्प राहण्याने आम्हांला आमच्या एका जुन्या सहीची आठवण झाली. लातुरातील आमच्या वसाहतीशेजारचा एक भूखंड दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखीव होता. तेथे उद्यान व्हावे, असा अर्ज आम्ही शेजाऱ्यांनी केला आणि नगरसेवकाने तो आनंदाने पुढे नेला. मते आमची होती. ज्यांना तेथे घर मिळाले असते, त्यांची मते त्या प्रभागात नव्हतीच.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा महापालिका तयार करते. अखेरची मंजुरी शासनाची असली, तरी वस्ती कोठे आणि बगीचा कोठे, याचा विचार प्रथम येथेच होतो. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर तिचे आरक्षण उठू शकते. अशा रीतीने स्वस्त घरांची जागा आटत जाते. मग गरीब माणूस शहराबाहेरच्या शेतात बाँडवर गुंठा विकत घेतो आणि गुंठेवारी नियमित होण्याची वाट पाहत बसतो. २००१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन २०२० अखेरपर्यंतची गुंठेवारी त्यात आली, तरी नळ आणि गटार यांसाठी त्याला नगरसेवकाचेच दार ठोठवावे लागते.

नांदेडला जेएनएनयूआरएम योजनेखाली अनेक झोपडपट्ट्यांत राहत्या जागीच पक्की घरे उभी राहिली. ज्यांची वस्ती आणि मत एकाच ठिकाणी असते, त्यांची दखल घेणे भाग पडते. भाडेकरूचे तसे नसते.

पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात निवाऱ्याला माणसाचा हक्क म्हटले आहे. ज्याच्या जन्माला सरायीत जागा मिळाली नाही, त्याचा गोठा आम्ही दरवर्षी सजवितो. आणि दुसऱ्याची जागा नाकारणारी सही आमचीच होती.

मावशींचे नाव येथील मतदारयादीत नोंदविण्याचा अर्ज आम्ही त्यांच्यासोबत बसून भरला आहे. पुढच्या वेळी नगरसेवक दारी येतील, तेव्हा रस्त्याआधी त्या भूखंडाविषयी विचारू.