वळण

मुलाला वळण लावणे ही आपल्याकडे घरोघरची जबाबदारी. ते वळण कोणत्या बाजूचे असावे, ह्याचा खुलासा मात्र कुठल्याही वडीलधाऱ्याने कधी केलेला नाही. स्वीडनच्या लोकांनी तो करून टाकला आहे. तिथल्या लहान लहान गावांत मोटरसायकलींचे क्लब आहेत आणि त्यांत पोरांना वळण लावतात ते डावे. उजवे वळण त्या खेळात मुळात नाहीच.

खेळाचे नाव स्पीडवे. अंडाकृती मातीची वाट, तीनेकशे मीटरची. चार गडी, चार फेऱ्या, आणि एका मिनिटात सगळा निकाल. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, आणि चौथ्याला काही नाही. गाडी पाचशे सीसीची. तिला गिअर एकच, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, आणि ब्रेक नाही. म्हणजे नादुरुस्त आहे असे नव्हे, बसवलेलाच नाही.

ही माहिती मला आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी दिली. ह्या चिरंजीवांनी हप्त्यांवर मोटरसायकल घेतली आणि पहिल्या आठवड्यात तिचा सायलेन्सर बदलून आणला. तेव्हापासून ते रात्री किती वाजता घरी येतात, हे चारही मजल्यांना घड्याळ न पाहता कळते. एका रविवारी मोबाइल माझ्या नाकासमोर धरून ते म्हणाले, "काका, हे बघा." बघतो तर चार माणसे आडव्या गाड्यांवरून चिखल उडवत चालली होती. वळण डावीकडे नि पुढचे चाक उजवीकडे! आमच्या रिक्षावाल्यांचा हात एकीकडे आणि रिक्षा दुसरीकडे जाते, हे मी रोज पाहतो. पण एकाच गाडीची दोन चाके दोन मतांची असलेली मी प्रथमच पाहिली.

"ब्रेकच नाहीत?" वहिनींनी दारातून विचारले. "मग आमच्या ह्याच्यात नि त्यांच्यात फरक काय? ह्याला आहेत, पण वापरतो कुठे?"

चिरंजीवांनी खुलासा केला तो मला पटला. पुढच्याने अचानक ब्रेक मारला, तर मागचे तिघे त्याच्या अंगावर येणार. कोणालाच एकदम थांबता येत नाही, ह्यातच सर्वांची सुरक्षितता. वेग आवरायचा तो मागचे चाक घसरवून. डाव्या पायात पोलादी तळाचा बूट असतो. तो जमिनीवर टेकवून तोल सांभाळायचा आणि मनगटाने गाडी हाकायची. सकाळी आठ-बाराच्या लोकलच्या दाराशी उभा राहणारा माणूस हे तत्त्व ताबडतोब समजेल.

खेळ मूळचा स्वीडनचा नव्हे. 1923 साली ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावच्या जत्रेत तो सुरू झाला असे सांगतात. 1928 साली इंग्लंडात पोचला, तिथून उत्तरेला सरकला. स्वीडनमध्ये 1948 साली क्लबांच्या साखळी सामन्यांना सुरुवात झाली आणि गावोगावच्या क्लबांनी नावे घेतली. नावे ठेवण्यात आपली मंडळेच पटाईत असा माझा समज होता. पण तिकडे लांडगे आहेत, गांधीलमाश्या आहेत, लोहार आहेत, चाचे आहेत. कुम्ला नावाच्या गावचा क्लब तर 'इंडियानेर्ना', म्हणजे चक्क 'इंडियन'! माझी छाती क्षणभर फुगली. पण त्यांच्या चिन्हावर पिसांचा टोप घातलेला अमेरिकेतला आदिवासी होता. कोलंबसाने पत्ता चुकवला, त्याचा भुर्दंड असा मुलुंडपर्यंत येतो. एरवी कुम्ला प्रसिद्ध आहे ते जोड्यांच्या जुन्या कारखान्यांसाठी आणि एका भल्यामोठ्या तुरुंगासाठी. अशा गावाला तिसरे काही तरी हवेच होते.

मला खरा आवडला तो मोलिला गावचा 'डकार्ना'. सोळाव्या शतकात, 1542 साली, निल्स डाके नावाच्या शेतकऱ्याने तिथल्या राजाविरुद्ध बंड केले. पुढच्याच वर्षी तो मारला गेला, आणि चारशे वर्षांनी त्याचे नाव मोटरसायकलवाल्यांनी घेतले. आपल्याकडे पुरंदरच्या पायथ्याशी 'उमाजी नाईक मोटरसायकल मंडळ' निघावे, तशातली गोष्ट. मोलिलाची वस्ती दोन हजारांच्याही आत. आमच्या गल्लीतल्या सोसायट्यांची एकत्र सभा भरवली तर तेवढी माणसे निघतील. फक्त ती कोरमअभावी तहकूब होईल. ह्या एवढ्याशा गावाने देशाचे अजिंक्यपद मिळवले आहे आणि जागतिक मालिकेच्या शर्यती आपल्या अंगणात भरवल्या आहेत.

स्वीडिश माणूस शिस्तीचा किती, ते 1967 साली दिसले. तोवर ते आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने जात. 3 सप्टेंबरच्या पहाटे पाच वाजता सगळा देश उजवीकडे सरकला. आमच्याकडे असे ठरले असते, तर निम्म्या लोकांनी 'आधी बाकीचे काय करतात ते बघू' असे म्हटले असते. पण त्याच महिन्यात ओव्हे फुंडिन हा त्यांचा पठ्ठ्या लंडनला वेम्बलीच्या मैदानात डावीकडे वळत वळत पाचव्यांदा जगज्जेता झाला. सरकारी हुकूम रस्त्यापुरता; वळण ते वळणच.

"त्या गाड्या कुठल्या रे?" तळमजल्यावरच्या नानांनी मध्येच विचारले. सायलेन्सरच्या तक्रारीसाठी म्हणून ते वर आले होते. "पूर्वी पुष्कळशा जावा," असे उत्तर आले आणि नाना तक्रार विसरले. नानांची जावा म्हैसूरची. 1961 पासून तिथे त्या निघू लागल्या, पुढे तिची येझदी झाली आणि 1996 साली कारखाना बंद पडला. किक मारायचा दांडा तोच गिअरचा दांडा, ही तिची खुबी नाना आजही प्रात्यक्षिकासह सांगतात. चेकोस्लोव्हाकियातल्या मूळ जावात 1964 साली दिविशोव्ह गावचा एक कारखाना विलीन झाला. शर्यतीच्या बिनब्रेकच्या गाड्या तो बनवी. म्हणजे एक बहीण परदेशी आडवी होऊन चिखल उडवत होती आणि दुसरी मुलुंडमध्ये नानांची भाजी आणत होती. नाना बराच वेळ गप्प होते.

मग म्हणाले, "जुहूला व्हायच्या हो शर्यती."

खरेच होत. 1932 साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले त्याच जुहूच्या धावपट्टीवर एके काळी मोटारी नि मोटरसायकली शर्यतीला उभ्या राहत. आता तिथून हेलिकॉप्टरे उडतात. उपनगरातल्या पोराला वेगाने गाडी हाकायची, तर उरतात हमरस्ते. रात्री बारानंतर पूर्व द्रुतगती मार्गावर, नाही तर पलीकडे पश्चिमेच्या. मग पोलीस नाकाबंदी करतात, पोरे पळतात, आणि कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर आई दिवा न लावता गॅलरीत उभी असते. आमच्या वहिनी उभ्या असतात. मला झोप कमी लागते, म्हणून माहीत आहे.

स्वीडनमधले क्लब चालवतात ती बव्हंशी गावचीच माणसे, बिनपगारी. मातीवर पाणी मारणारे, ती पुन्हा सारखी करणारे, तिकिटे फाडणारे, कॉफी विकणारे. आपल्या गणपतीच्या मंडपात असतात तीच; फक्त वर्गणीला येताना टेप लावत नाहीत. शाळेतली पोरे ऐंशी सीसीच्या गाडीवर सुरुवात करतात. मोठे स्वार रविवारी पोलंडमध्ये, मंगळवारी स्वीडनमध्ये, असे सामने खेळत हिंडतात. विरार-चर्चगेट करणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. आणि पडतातही. हाडे मोडतात, काही जिवानिशीही गेले आहेत. ते मी वहिनींपासून लपवले नाही. त्यांनी आधीच पाहिले होते.

"पडल्यावर काय करतात?" त्यांनी विचारले.

"लाल दिवा लागतो," चिरंजीव म्हणाले. "शर्यत थांबते. ज्याच्यामुळे थांबली त्याला बाहेर काढतात नि बाकीच्यांची पुन्हा घेतात."

"सगळे थांबतात?"

"सगळे."

वहिनींनी थोडा विचार केला. "किती जागा लागते म्हणालास ह्याला?"

"संभाजी मैदानाएवढी असली तरी भागेल."

"तिथे क्रिकेटवाले आहेत," नाना म्हणाले. "नि ते नसतील तेव्हा लग्नं. पण एक अर्ज करून बघायला काय हरकत आहे? अक्षर माझं चांगलं आहे." आणि त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला.