म्हातारपण आणि भूल

घरातील म्हाताऱ्या माणसाला अथवा जनावराला शस्त्रक्रिया सांगितली, की पहिली शंका भुलीची येते. या वयात ती सोसेल का? सोसली, तरी स्मृती पूर्वीसारखी राहील का? गेल्या श्रावणात रत्नागिरीच्या आमच्या घरी हा प्रश्न तेरा वर्षांच्या चंपी कुत्रीसाठी उभा राहिला. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. शस्त्रक्रियेवाचून ती वाचणे कठीण, असे पशुवैद्यांनी सांगितले. शेजारचे अण्णा म्हणाले, “म्हातारी झाली ती. आता कशाला हाल?”

ही भीती निराधार नाही. ब्रिटनमधील सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भुलीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण ०.१७ टक्के होते. निरोगी कुत्र्यांत ०.०५, तर आधीच आजारी असलेल्यांत १.३३. दगावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी कुत्री शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर गेली, आणि त्यात पहिले तीन तास सर्वांत धोक्याचे ठरले.

स्मृतीविषयी सांगायचे, तर अमेरिकेत २००३-०४च्या सुमारास म्हाताऱ्या उंदरांना शस्त्रक्रिया न करता नुसतीच दोन तास भूल दिली गेली. पुढे कित्येक आठवडे त्यांना चक्रव्यूहातील वाट नीट उमगेना. माणसांतही, साठीपुढील रुग्णांच्या १९९८ सालच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने चौघांत एकाची, तर तीन महिन्यांनी दहांत एकाची स्मृती वा एकाग्रता मंदावलेली आढळली. म्हणजे बहुतेक जण सावरले. शिवाय सारा दोष भुलीचा नसतो; शरीरातील दाह, वेदना, झोपमोड आणि परकी जागा यांचाही त्यात वाटा असतो. खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० रुग्णांच्या २०२१ सालच्या अभ्यासात पाठीतून दिलेली भूल आणि संपूर्ण भूल यांत नंतरच्या भ्रमाचे प्रमाण सारखेच निघाले.

आम्ही शस्त्रक्रियेस होकार दिला. तत्पूर्वी रक्त तपासून मूत्रपिंड व यकृताची स्थिती पाहिली, कारण भुलीची अनेक औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम तेच करतात. चंपी कशी झोपते, कोणाला ओळखते, किती खाते, हे वहीत टिपून ठेवले. शस्त्रक्रियेनंतर तिला गोधडीत गुंडाळून मी चार तास तिच्या श्वासाकडे पाहत बसलो. म्हातारे शरीर भुलीत लवकर थंड पडते. घरी तिचे अंथरूण व पाण्याचे भांडे नेहमीच्या कोपऱ्यातच ठेवले. पहिले दहा दिवस ती रात्री पडवीत फिरे, भिंतीकडे तोंड करून उभी राही. नंतर हळूहळू वहीतली जुनी चंपी परत दिसू लागली.

घरच्या वडीलधाऱ्यांसाठीही हेच करावे. झोपेच्या गोळ्या वा मद्याची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. शुद्धीवर येताच चष्मा व श्रवणयंत्र द्या, ओळखीचे माणूस जवळ ठेवा. गोंधळ अचानक वाढल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि भूल सोसेल का, एवढेच विचारून थांबू नका. शस्त्रक्रिया टाळल्यास काय होईल, आणि केल्यास पहिल्या रात्री उशाशी कोण बसेल, हेही ठरवा.