बिऱ्हाडाचे वजन

आमच्या भाच्याचे पत्र आले, म्हणजे ई-मेल आली, त्यात एकच प्रश्न होता: घर घेताना पहिल्यांदा काय पाहावे? प्रश्न आम्हांला नवा नव्हता. मुलुंडला राहणाऱ्या माणसाला आयुष्यात हा प्रश्न इतके जण विचारतात की त्याचे उत्तर आम्ही झोपेतही देऊ. पण पुढच्या ओळीत खुलासा होता. तो, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी टेक्सासमधले आपले घर विकून चाकांवरच्या घरात राहायला जाणार होते. अमेरिकेत ज्याला 'फिफ्थ व्हील' म्हणतात तशा चौतीस फुटी घरात. आणि सर्वांत खाली, जणू सहज आठवले म्हणून: "आई सहा महिने आली तर तिची सोय होईल ना, तेवढे नकाशा बघून सांगा."

ही आई म्हणजे आमच्यापैकी एकाची ताई आणि दुसरीच्या वन्सं. त्या घाटकोपरला पंतनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतीत राहतात, आणि नेमकी त्याच वर्षी ती इमारत पुनर्विकासाला गेली होती. तीन महिन्यांत घर रिकामे करून द्यायचे, विकासक देईल त्या भाड्यात कुठेतरी राहायचे, तीन-चार वर्षांनी त्याच जागेवरच्या मनोऱ्यात परतायचे. म्हणजे मुलगा आणि आई एकाच वेळी बिऱ्हाड उचलत होते, आणि मधल्या काळात ताईने कुठे राहायचे हा प्रश्न त्या 'तेवढे सांगा' मध्ये दडलेला होता. आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेतली.

प्रथम वस्तू काय आहे ते समजून घेतले. न्हावाशेवा बंदराच्या रस्त्याला, कळंबोलीच्या आसपास, कंटेनर वाहणारे लांबलचक ट्रेलर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. पुढचे इंजिनाचे धूड सुटे करता येते. त्याच्या पाठीवर मागच्या आसाच्या वर एक जाड लोखंडी तबकडी असते, आणि ट्रेलरच्या पोटाखालचा खुंट तिच्या खाचेत बसून अडकतो. हीच ती 'फिफ्थ व्हील'. घोडागाडीच्या काळात पुढचा आस वळावा म्हणून त्यावर जे आडवे चक्र बसवीत, त्याचे हे नाव. अमेरिकन घरगुती अवतारात हीच तबकडी पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवतात. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला बांधलेला असतो, म्हणून वाऱ्यात हेलकावे खातो. याचा भार मात्र ट्रकच्या पाठीच्या मधोमध येतो, म्हणून चालायला हा स्थिर. ट्रकच्या हौद्यावर जो पुढचा उंच भाग येतो त्यात निजायची खोली असते. तिथे जायला आतून तीन पायऱ्या. ताईचे गुडघे आठवून आम्ही समासात फुली मारली.

मग मापे. बाहेरून रुंदी साडेआठ फूट; अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर त्याहून रुंद वाहन चालत नाही. आतून आठ धरू. चौतीस गुणिले आठ, म्हणजे दोनशे बहात्तर चौरस फूट. मुक्कामाला पोहोचल्यावर भिंतीचे काही भाग खणासारखे बाहेर सरकतात, ते धरून थोडे अधिक. आम्ही एकमेकांकडे पाहिले. ताईचे पंतनगरचे घर पावणेतीनशे. त्या घरात पाच माणसांनी तीस वर्षे काढली, एक लग्न झाले, दोन बाळंतपणे झाली, आणि भाच्याने बोर्डाचा अभ्यास स्वयंपाकघराच्या ओट्याखाली दिवा लावून केला. वरळीच्या बीडीडी चाळीत तर एकशे साठ फुटांची खोली. तेव्हा एवढ्याशा जागेत राहाल कसे, हा अमेरिकन शेजाऱ्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या दृष्टीने निकालात निघाला होता.

निघाला नव्हता तो वजनाचा.

इथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. आम्ही मुलुंडचे घर १९८६ साली घेतले तेव्हा बांधणाऱ्याने पाचशे फूट म्हणून सांगितले होते. ताबा मिळाल्यावर टेप लावली तर तीनशे साठ. उरलेले एकशे चाळीस फूट कुठे गेले असे विचारता त्यांनी जिना, भिंती, पाण्याची टाकी आणि बहुधा आकाश यांत ते आहेत असे समजावले. 'बिल्ट-अप', 'सुपर बिल्ट-अप' हे शब्द आम्ही त्या दिवशी शिकलो. १९६३ चा फ्लॅट मालकीचा कायदा तेव्हाही होता, पण तो वाचून घर घेणारे आमच्या ओळखीत कोणी नव्हते. भोगवटा प्रमाणपत्र मिळायला पुढे अकरा वर्षे लागली. २०१६ चा रेरा कायदा येऊन चटईक्षेत्राची एकच व्याख्या झाली, मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले, तेव्हा आमच्या घराचे हप्तेही फिटून गेले होते.

तर अशा माणसांना त्या चाकांवरच्या घराचे माहितीपत्रक वाचताना एक गंमत ध्यानात आली. मुंबईत विकणारा आकडा फुगवून सांगतो, तिकडे आक्रसून. माहितीपत्रकावर ठळक छापलेले असते ते 'कोरडे वजन': कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या सांगाड्याचे. भाच्याने पसंत केलेल्या घराचे ते अकरा हजार पौंड होते. पण बारीक अक्षरांत दुसरा आकडा असतो: सर्व सामानासह ते जास्तीत जास्त किती भरू शकते तो, चौदा हजार. पहिल्यांदा घेणारा पहिला आकडा पाहून ट्रक ठरवतो. पाहायचा दुसरा. कारण कोरड्या घरात कोणी राहत नाही. साठ गॅलन पाणी भरले की पाचशे पौंड तिथेच गेले. मग भांडी, अंथरुणे, पुस्तके, मुलीची सायकल, कुकर.

चौदा हजारांचा साधारण पाचवा हिस्सा त्या खुंटावाटे ट्रकच्या पाठीवर येतो, म्हणजे अठ्ठावीसशे पौंड. भाच्याजवळ ट्रक आधीच होता, आणि 'एवढे घर तो सहज ओढेल' असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. ओढेलही. पण ओढणे निराळे आणि पाठीवर घेणे निराळे. आम्ही त्याला कळवले की चालकाच्या बाजूचे दार उघड, चौकटीवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असेल, तिच्यावरचा भारक्षमतेचा आकडा पाठव. सव्वीसशे. त्यातून तबकडीचे वजन वजा, चार माणसांचे वजन वजा. उरले एकोणीसशे-दोन हजार. आठशे पौंड जास्त. "मामा, पण तो म्हणाला की सगळेच असे नेतात," भाचा फोनवर म्हणाला. "अरे, आम्हांलाही तो असेच म्हणाला होता," आम्ही उत्तर दिले. आणि हा 'तो' १९८६ चा की आताचा, हे दोघांनीही स्पष्ट केले नाही.

बाकीच्या सूचना आम्ही भराभर लिहून पाठवल्या. आधी दोन आठवडे तसेच घर भाड्याने घेऊन पावसात राहून पाहा. कोरे घेऊ नकोस. तीन-चार वर्षे वापरलेले घे, कारण किमतीतली पहिली मोठी घसरण पहिल्या मालकाच्या पदरात पडलेली असते. कर्ज पंधरा-वीस वर्षांचे मिळते म्हणून घेऊ नकोस. वस्तू वर्षागणिक उतरत जाते आणि हप्ता तेवढाच राहतो. टायरची नक्षी पाहू नकोस, वय पाहा: कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, उभ्या गाडीचे टायर न झिजता म्हातारे होतात. कायम राहणाऱ्यांना पुष्कळ उत्पादक हमी नाकारतात, तो परिच्छेद आधी वाच. आणि ओल. ओल ओळखण्यात मुंबईकराचा हात कोण धरणार? छताच्या कोपऱ्यांत, खिडक्यांच्या खाली, सरकत्या भिंतींच्या कडांना बोटाने दाबून पाहा; मऊ लागले तर घर सुंदर असो की स्वस्त, मागे फीर. नवा रंग, नवा कागद कुठे एकाच जागी लावलेला दिसला तर का लावला ते विचार. नाक वापर. जून महिन्यात वरच्या मजल्यावर राहिलेल्या माणसाला हे शिकवावे लागू नये.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हा आम्हांलाही क्षणभर मोह झाला होता हे कबूल करतो. मग सोसायटीत स्कूटर लावण्यावरून झालेली गेल्या सभेतली झोंबाझोंबी आठवली.

हे सगळे लिहून झाल्यावरही आमची अस्वस्थता गेली नाही. कारण निराळे होते. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' वर्गात शिकवले. १९८० साली ते आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाली. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण घरात बसून किती हलकेपणाने वापरतो, हे ते पुस्तक शिकवताना दरवर्षी नव्याने कळे. एका वर्षी एका मुलाने विचारले होते, "सर, त्यांना एका जागी राहावंसं वाटत नव्हतं का?" तेव्हा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरुवात करावी लागली: जन्मानेच गुन्हेगार ठरवणे, हजेरी, सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली वसाहत, १९५२ साली कायदा गेला, माणसे 'विमुक्त' म्हणवली गेली आणि पाल मात्र राहिले. फिरणाऱ्याला राहू न देणे आणि राहू पाहणाऱ्याकडे पत्ता मागणे, दोन्ही एकाच हाताचे काम.

अमेरिकेतही या घरांत सगळेच हौसेने राहत नाहीत. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ च्या पुस्तकात २००८ च्या मंदीत घरे गमावलेली, साठी उलटलेली माणसे गाड्यांत राहून गोदामांत हंगामी कामे करताना भेटतात. आमचा भाचा त्यांतला नाही. त्याला पगार आहे, संगणकावरचे काम आहे, कंटाळा आहे. त्याचे बिऱ्हाड आणि 'उपरा'मधले बिऱ्हाड एका वाक्यात बसवणे अप्रामाणिक होईल, असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे. दुसरीचे म्हणणे असे की एका वाक्यात बसवल्याशिवाय फरक दिसणार कसा? वाद अजून मिटलेला नाही. मात्र एक गोष्ट आम्ही त्याला आवर्जून लिहिली: तुझ्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे, नागरिकत्व नाही, पत्ता बदलला की दहा दिवसांत सरकारला कळवावे लागते. घर हलणार असेल, तर कागदावर न हलणारा पत्ता कुठला ते आधी ठरव. यावर त्याचे उत्तर यायला आठ दिवस लागले. त्याने हा विचारच केला नव्हता.

इकडे ताईची बांधाबांध सुरू झाली होती. एका रविवारी आम्ही पंतनगरला गेलो तर दारात रद्दीवाला, आणि ताई त्याच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून आकडे वहीत उतरवत होती. पाटा-वरवंटा बावीस किलो. तांब्याचा बंब नऊ. ज्ञानेश्वरी आणि गाथा मिळून साडेचार. रद्दीवाला बिचारा घ्यायला मिळणार म्हणून वजन करत होता, आणि ताई यातले काहीच देणार नव्हती. "त्यानं सांगितलं ना, वजनावर आहे सगळं म्हणून," ताई म्हणाली. "मग मी माझं किती होतं ते बघते."

आमच्या तेव्हा लक्षात आले की त्या इमारतीच्या भिंतींना बाजारात काही किंमत नव्हती. गिलावा हाताने निघत होता. किंमत होती ती खालच्या जमिनीवर किती चटईक्षेत्र बांधता येईल त्याला, नियमावलीतल्या ३३(५) ला. आणि तिकडे भाच्याच्या घरात होत्या त्या सगळ्या भिंतीच. जमिनीचे भाडे दर मुक्कामाला वेगळे मोजायचे. दोन्हीकडची कागदपत्रे एकाच टेबलावर पसरून आम्ही त्या दुपारी बराच वेळ बसलो.

शेवटी भाच्याने ते चौतीस फुटी घर सोडले आणि ट्रकला झेपेल असे अठ्ठावीस फुटी, चार वर्षे वापरलेले घेतले. ताईने आमच्या शेजारच्या इमारतीत भाड्याची जागा घेतली. पाटा-वरवंटा तिथे आला. हिवाळ्यात ती तिकडे जाणार आहे. नकाशा तिला दाखवला तेव्हा पायऱ्यांची आमची फुली तिने पाहिलीदेखील नाही. जेवायचे टेबल खाली करून त्यावर गादी टाकली की पलंग होतो, त्यावर आपण झोपू, सकाळी गुंडाळून ठेवू. जन्मभर तेच तर केले. तिचा प्रश्न वेगळाच होता.

"गाडी हलताना देव कुठे ठेवतात?"

आम्ही भाच्याला विचारून घेतले. तो म्हणाला, चालताना सगळ्या कपाटांना कड्या लावायच्या असतात. ताईने टेप मागितली, देव्हारा मोजला आणि मापे वहीत, बंबाच्या वजनाखाली, लिहून ठेवली: लांबी चौदा इंच, खोली नऊ, उंची कळसासकट एकोणीस.