कानतुट्या, तुला इथे कुणी आणून सोडलं?

कानतुट्या,

सुप्यात सगळे तुला याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही त्याच नावाने लिहितो. पुणे-नगर हायवेच्या कडेला माझं औषधाचं दुकान आहे. समोरच्या हॉटेलमागे भांडी घासायच्या मोरीजवळ तुझा मुक्काम असतो, तो मला गल्ल्यावरून दिसतो. गावातली बाकीची कुत्री कुणाची ना कुणाची आहेत. कुणी वस्तीवरची, कुणी धनगराच्या मेंढरांमागची, कुणी पेठेतली. त्यांच्या आया-आज्याही आमच्या ओळखीच्या. तू मात्र एका सकाळी एकदम दिसलास. सोबत आणखी दोन होती. त्यातलं एक लवकरच ट्रकखाली आलं, दुसरं कुठे गेलं ते कळलं नाही.

तू परगावचा आहेस हे तुझ्या कानावरून कळलं. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो, त्याच्या कडेला व्रण उठतात. तुझ्या कानाची खाच कात्रीने कापल्यासारखी सरळ आहे, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. ज्या कुत्र्याची नसबंदी झाली, ज्याला रेबीजची लस दिली, त्याच्या कानाला अशी खूण करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा धरलं जात नाही. सुप्यात कुणी कुत्र्यांची अशी शस्त्रक्रिया केलेली आम्ही पाहिलेली नाही. म्हणजे कुठल्यातरी शहराने तुझ्यावर खर्च केला, तुला भूल दिली, टाके घातले, लस टोचली, आणि नंतर कुणीतरी तुला टेम्पोत घालून रात्री इथे उतरवून दिलं. ते कोण, हे मला माहीत नाही. कुणावर नाव घेऊन आळ घालण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. पण जे केलं ते चूक होतं, आणि ते तुझ्याही वाट्याला आलं, आमच्याही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. प्राण्यांचा छळ रोखणारा कायदा १९६० चा. त्याखाली २००१ मध्ये कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम झाले, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. दोन्हींचा गाभा एकच: कुत्रं धरा, नसबंदी करा, लस द्या, आणि जिथून धरलं तिथेच नेऊन सोडा. शेवटची अट भूतदयेपोटी घातली आहे असं पुष्कळांना वाटतं. तिच्यामागे व्यवहार आहे. कुत्री टोळीने राहतात, टोळीची हद्द ठरलेली असते. नसबंदी झालेली, लस घेतलेली टोळी आपल्या हद्दीत नव्याला शिरू देत नाही. तिला उचलून नेलं की जागा रिकामी होते, उकिरडा तसाच राहतो, आणि महिना-दोन महिन्यांत दुसरी कुत्री येतात, बिनलसीची. ज्या गल्लीतून तुला उचललं तिथेही एव्हाना दुसरं कुणीतरी भुंकत असेल.

आणि इकडे तू आलास. पेठेतल्या कुत्र्यांनी तुला पहिल्या रात्री कसं फाडलं ते मी बघितलंय. मागच्या पायाला अजून लंगडतोस. हद्द नसलेलं कुत्रं भेदरलेलं असतं, आणि भेदरलेलं कुत्रं चावतं. पूर्वी तू माणसांना ओळखत असशील, त्यांच्या गाड्यांचे आवाज ओळखत असशील. इथे तुला सगळंच परकं.

तरी तू राहिलास, कारण इथे खायला आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी या भागात उकिरड्यावर कुत्र्याला मिळण्यासारखं काही नसायचं. पारनेर म्हणजे दुष्काळी तालुका. भाकरीचा तुकडा घरातच पुरायचा नाही, तर कुत्र्याला कुठला? मग एमआयडीसी आली. डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, माळरानावर कारखाने आले, जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा निघाला. कामगार आले, भाड्याच्या खोल्या झाल्या, ढाबे झाले, मंगल कार्यालयं झाली, चिकनची दुकानं ओळीने लागली. याचं मला कौतुकच आहे. माझं दुकान त्याच्यावरच चालतं. पण या सगळ्यातून जे उरतं ते टाकायचं कुठे, हे कुणी ठरवलं नाही. कोंबडीची आतडी पिशवीत बांधून ओढ्यात, लग्नातलं उरलेलं अन्न कुंपणाबाहेर, कॅन्टीनचा भात रस्त्याच्या कडेला. विचारायला गेलं की एक कार्यालय म्हणतं ही हद्द आमची नाही, दुसरं म्हणतं आमची तर मुळीच नाही. कुत्र्यांची संख्या कुणाच्या प्रेमाने किंवा रागाने ठरत नाही, अन्नाने ठरते. भाद्रपदात गाठी पडतात, दिवाळीनंतर पिल्लं होतात. पूर्वी त्यातली बहुतेक मरायची. आता ओढ्याकाठी जगतात.

तुझ्याबद्दल वाईट वाटतं म्हणून तुझ्या दातांविषयी गप्प बसणं मला जमणार नाही. रात्रपाळी सुटल्यावर पोरं मोटारसायकलवरून खोलीवर निघतात. तुम्हा कुत्र्यांची टोळी मागे लागते, पोरगं गाडी पळवतं, वळणावर पडतं. शाळेत जाणारी लहान मुलं मोरीकडची वाट सोडून हायवेच्या कडेने जातात, आणि तो धोका तुझ्यापेक्षा मोठा आहे. एक कामगार पोरगा माझ्या दुकानात आला होता. पोटरीला रुमाल बांधलेला, रुमालाखाली हळद आणि तिखट. खोलीतल्या कुणीतरी लावून दिलं होतं. तो माझ्याकडे फक्त दुखायची गोळी मागत होता. मी त्याला मागच्या नळावर नेलं, हळद-तिखट धुऊन काढलं, कपडे धुवायच्या साबणाने जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायला लावली. तो सारखा म्हणत होता, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ना, मग कामावर कसं जाऊ? ती पोटातली इंजेक्शनं बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडावर घेतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी दवाखान्यात फुकट. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच सीरमही द्यावं लागतं, आणि त्यासाठी बहुधा नगर गाठावं लागतं. त्याचा दिवस बुडणार होता, रोज कापला जाणार होता. सगळे डोस घेतो असं कबूल करून गेला. शेवटचा घेतला का, मला माहीत नाही. खोली बदलून गेला.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. लुई पाश्चरने १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला पहिली लस टोचली. त्याला एकशे चाळीस वर्षं झाली, तरी आपल्याकडे अजूनही माणसं रेबीजने मरतात. मरणारी बहुतेक गरिबाघरची असतात, आणि त्यांत मुलं फार. म्हणून कुत्र्याच्या बाजूचे आणि कुत्र्याच्या विरुद्धचे अशा दोन तटांत जेव्हा सगळे भांडतात, तेव्हा मला चीड येते. त्या भांडणात हा पोटरीला रुमाल बांधलेला पोरगा कुठेच नसतो.

तुला मारून टाका म्हणणारे सुप्यातही आहेत. मारून काय झालं ते मुंबईने पाहिलंय. जून १८३२ मध्ये तिथल्या सरकारी शिपायांनी मोकाट कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडले, लष्कर बोलवावं लागलं. कुत्री मारणं त्यानंतरही दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू राहिलं. १९९० नंतर मुंबई नसबंदीकडे वळली ती मारून संख्या घटत नाही हे दिसल्यावर. आणि आम्ही तर कोरठणच्या खंडोबाला जाणारी माणसं. पिंपळगाव रोठ्याच्या त्याच्या यात्रेत देवापाशी बसलेल्या कुत्र्यालाही हात जोडतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री मांडतो, आणि घरी येऊन ओढ्यात विष घातलेले लाडू टाकतो, हे मला पटत नाही.

सुप्रीम कोर्टातही गेल्या वर्षी तुझाच विषय होता. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून मूळ जागी सोडा, खायला घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच घाला. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात नेण्याचा आणि पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला. शाळेच्या आवारात कुत्री नकोत हे मलाही मान्य. पण निवारा कुठे आहे? आमच्यासारख्या गावात आजारी गाईला बांधायला जागा मिळत नाही. निवारे बांधले गेले नाहीत आणि कुत्री मात्र उचलली गेली, तर ती कुठे उतरतील? ज्याची तक्रार लवकर ऐकली जात नाही अशाच गावात. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

वानरांचंही असंच चाललंय. कुत्र्याचं काम ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं, वानराचं वनखात्याचं, कारण ते वन्यजीव कायद्यात येतं. कामं दोन खात्यांची, पण लोकांची मागणी एकच: उचला आणि दुसरीकडे सोडा. बीडमधल्या माजलगाव तालुक्यातलं लऊळ तुला माहीत नसणार. २०२१ च्या डिसेंबरात तिथली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती, आणि पिल्लं मरत होती. वानराचं पिल्लू कुत्र्यांनी मारलं म्हणून वानरांनी सूड घेतला, अडीचशे पिल्लं मारली, अशा बातम्या जगभर गेल्या. सुडाची गोष्ट अभ्यासकांनी मानली नाही. पिल्लं कुशीत धरून वर नेली जातात, तिथे उपाशी राहतात किंवा पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. वनखात्याने दोन वानरं पकडून नेली आणि बातमी संपली. ती वानरं गावात का उतरली, गावात पिल्लं इतकी का होती, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

धाराशिवजवळच्या उपळा गावाने वानरांचं वेगळंच केलं. तिथे ३२ एकर जमीन कागदोपत्री वानरांच्या नावावर आहे. कुणी, कधी लावली ते गावालाही नक्की सांगता येत नाही. पूर्वी लग्नात वानरांना मान द्यायची रीत होती, आणि दारात आलेल्या वानराला आजही कुणी उपाशी परत पाठवत नाही. प्रत्येक गावाने जमीन द्यावी असं मी म्हणत नाही, द्यायला जमीन आहे कुठे? पण हा प्राणी आमच्या हद्दीत आहे, त्याची जबाबदारी आमची, हे उपळ्याने मानलं. टेम्पोवाल्याने नेमकं तेच नाकारलं.

आणि तुमची संख्या फक्त तुमच्यापुरती राहत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ते तपासलं. त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. बिबट्या वस्तीजवळ का आला, असं लोक विचारतात. मला ओढ्यातल्या पिशव्या दिसतात. त्या पिशव्यांवर तुम्ही येता, तुमच्या वासावर तो येतो, आणि वस्तीवर अंगणात लेकरू झोपलेलं असतं.

करता येतं, हे गोव्याने दाखवलंय. २०१३ पासून मिशन रेबीज या संस्थेची पथकं तिथे जाळ्या घेऊन वाडी-वाडीत फिरली, कुत्र्यांना जागेवरच लस टोचली, रंगाची खूण केली, तिथेच सोडलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आली. सोबतीला शाळांतून मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजचा फैलाव तुटतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुप्यात आणि एमआयडीसीत मिळून कुत्री आहेत तरी किती? कुणी मोजलेलीच नाहीत. पण जेवढी असतील तेवढी मोजण्यासारखी आहेत. दिल्ली-मुंबईसारखं आवाक्याबाहेर गेलेलं काही नाही.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेत आम्ही काहीजण विषय मांडणार आहोत. चिकनच्या दुकानांचा आणि मंगल कार्यालयांचा ओला कचरा रोज बंद गाडीतून उचलायचा, त्याचे पैसे त्यांनीच द्यायचे. कारखान्यांनी कॅन्टीनचं उरलेलं अन्न कुंपणाबाहेर टाकायचं नाही. आणि त्यांच्या सामाजिक निधीतून आधी लसीकरण, मग नसबंदीचं शिबिर, पेठेत आणि एमआयडीसीत एकाच वेळी, म्हणजे हद्दीचा वाद निघणार नाही. हायवेवरच्या हॉटेलांचे कॅमेरे रस्त्याकडे वळवायचे आणि रात्री जनावरं उतरवणाऱ्या गाडीचा नंबर पोलिसांना द्यायचा. तुला खायला घालणाऱ्या हॉटेलातल्या पोरालाही मी सांगितलंय, घाल, पण मोरीमागे, शाळेच्या वाटेवर नको, आणि लशीच्या दिवशी धरून द्यायचं काम तुझं. तो हो म्हणाला.

तुझी लस केव्हा झाली ते कागदावर कुठेच नाही, आणि ती दरवर्षी द्यावी लागते. म्हणून शिबिराची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना दुकानापाशी बोलावलंय. तुला जाळीत धरावं लागेल. तू घाबरशील, कारण मागच्या वेळी धरलं तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. या वेळी लस दिल्यावर तुला तिथेच, हॉटेलच्या मोरीमागे, सोडणार आहोत, आणि पायाची जखमही डॉक्टरांना दाखवणार आहोत.

तुझा,
हायवेवरचा औषधवाला
सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर