साडेबारा फेऱ्या

सांगवीहून नदीपलीकडची बालेवाडी तशी जवळच. ऑक्टोबर 2008 मध्ये तिथे युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, देशोदेशीच्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुली धावून गेल्या. आपल्या घरात मात्र मुलगी आठवीत गेली की तिचे धावणे बंद.

वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत मुलींची 5000 मीटरची शर्यत असते, म्हणजे ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या. एवढा दम दोन महिन्यांत येत नाही. तो आठवी ते बारावीतच कमवावा लागतो.

पालकसभेत आम्हा शिक्षिकांना कपड्यांचे कारण ऐकायला मिळते. पूर्ण बाह्या आणि स्कार्फ घालूनही धावता येते. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला सिफान हसनने मॅरेथॉनचे सुवर्णपदक हिजाब घालून स्वीकारले. (धावताना तो नव्हता, हेही सांगितले पाहिजे.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषितांशी (स.) शर्यत लावली, एकदा जिंकल्या, पुढे एकदा हरल्या, हे हदीसमध्ये आहेच.

फजरनंतर पीडब्ल्यूडी मैदानावर आम्ही दोघी-तिघी मुलींसोबत थांबायला तयार आहोत. अब्बांनी फक्त गेटपर्यंत सोडावे.