नवं गाणं, नवे कान

मैत्रिणींनो, अगदी अलीकडे एखादं नवं गाणं तुम्ही मनापासून ऐकलंत ते केव्हा? आठवावं लागतं ना! लग्न होईपर्यंत जी गाणी कानांवर पडली त्यांच्यावरच आपण पुढची तीस-चाळीस वर्षं काढतो. तेल संपलं की नवं आणतो, पडदे विटले की बदलतो, गाणी मात्र तीच. आणि वर म्हणतो, “हल्ली कुठं राहिलीत तशी गाणी?” हे वाक्य काही आपण नव्यानं शोधलेलं नाही बरं का. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आलं तेव्हा बालगंधर्वांच्या गाण्यावर वाढलेल्या कानांना अभिषेकीबुवांच्या चाली नव्याच होत्या. आज त्यांनाच आपण जुनी नाट्यगीतं म्हणतो!

पण मला आज सांगायचंय ते आमच्या सासूबाईंबद्दल. सत्तरी ओलांडलेल्या, गाण्याच्या भारी शौकीन. अरुण दाते, सुधीर फडके, सुमन कल्याणपूर हे जणू घरातलेच. सकाळी चहाच्या आधी रेडिओ लागायचा आणि मामंजी दाढी करता करता त्याच्याबरोबर गुणगुणायचे. तीन वर्षांपूर्वी मामंजी गेले आणि सासूबाईंनी रेडिओवर एक धुतलेला टॉवेल टाकून ठेवला.

भेटायला येणारा प्रत्येक जण सांगे, “त्यांना जुनी गाणी लावून देत जा, मन रमेल.” माझ्या नणंदेनं तर अडीचशे गाणी भरलेलं एक यंत्रही आणून दिलं. सासूबाई दोन मिनिटं ऐकून उठून जायच्या. एकदा पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, “अगं, कुठलंही लाव, ते येऊन बसतातच त्यात. मग गाणं संपतं नि ते उठून जातात.” मी काय बोलणार?

तुमच्याही घरात असं कुणी असेल तर माझं ऐका, जुन्या गाण्यांचा आग्रह धरू नका. जुनं गाणं एकटं येत नाही, सगळं घर बरोबर घेऊन येतं. ज्याला आठवणी सोसत नाहीत त्याला नवंच गाणं हवं.

ते नवं आम्हांला मिळालं अगदी आडवाटेनं. मी दुपारी तीन तास एका शाळेत शिकवते. तिथल्या एका तमिळ सहशिक्षिकेनं माझ्या मोबाइलवर अरुणा साईराम यांनी गायिलेला एक अभंग पाठवला. म्हणाली, “तुमचं गाणं आमच्याकडं कसं गातात ते तरी बघा!” संध्याकाळी मेथी निवडताना मी तो लावला. साथीला व्हायोलिन आणि मृदंगम, चाल कधी न ऐकलेली. सासूबाईंनी मान वर केली. “ही बाई आपल्यातली नाही. पण ‘ळ’ बघ कसा स्वच्छ म्हणते, तुझ्या लेकापेक्षा बरा!” तमिळमध्ये ‘ळ’ आहे ना, त्याला काय लागतंय. अभंग संपला आणि त्या म्हणाल्या, “परत लाव.” तीन वर्षांत हे दोन शब्द मी प्रथमच ऐकत होते.

मग आमचा शोध सुरू झाला. अरुणाबाई मुंबईतच जन्मलेल्या, म्हणून मराठी इतकं जवळचं. रंजनी आणि गायत्री या बहिणी मुंबईतच वाढल्या. आधी व्हायोलिन वाजवायच्या, मग गाण्याकडे वळल्या. कर्नाटक मैफलीच्या शेवटाकडे त्या अभंग घेतात, तेव्हा लय अशी चढत जाते की हातातलं काम थांबतं. पण तिकडे अभंग पोहोचला तो काही आजकालचा नव्हे. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापलं. त्यांच्या घराण्याच्या आश्रयानं मराठी कीर्तनकार तिथं गेले. आपण शाळेत घोकलेल्या साकी आणि दिंडी आजही तिकडच्या हरिकथेत गातात म्हणे, हे ऐकून सासूबाईंना कोण अभिमान!

तिथून त्या त्यागराजांच्या कृतींकडे गेल्या. त्या तेलुगूत. “शब्द कळत नाहीत तेच बरं,” त्या म्हणाल्या. मी त्याचा अर्थ विचारला नाही.

एक मात्र सांगते, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. तुम्ही जे ऐकता तेच तो पुन्हा पुढ्यात वाढतो, कालच्या भाजीसारखं. रेडिओवर ‘आपली आवड’ लागायची तेव्हा दुसऱ्याच्या आवडीचं ऐकावं लागे, त्यातूनच तर आपली आवड तयार झाली. म्हणून माणसांना विचारावं. शेजारीण, वर्गातली मुलं, भाजीवालासुद्धा चालेल. आणि नवं गाणं निदान तीनदा ऐकल्याशिवाय नावं ठेवू नयेत. पहिल्यांदा ते परकंच वाटतं, नव्या सुनेसारखं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी डोंबिवलीहून गाडीनं शीवला उतरून षण्मुखानंद सभागृहात गेलो. शेजारी कांजीवरम नेसलेल्या एक आजी मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. सासूबाई सारख्या त्यांच्या हाताकडे बघत होत्या. मध्यंतरात त्या आजींनी खुणेनंच आदिताल शिकवला: एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं मोजायची, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा, झाल्या आठ मात्रा. एकीला मराठी येईना, दुसरीला तमिळ. उत्तरार्धात दोघींचे हात बरोबर पडत होते. माझा मात्र दर वेळी सहाव्या मात्रेवर घोटाळा!

आता कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना सासूबाईंची बोटं ओट्यावर आठ मोजत असतात. रेडिओवरचा टॉवेल अजून तसाच आहे. दर शनिवारी त्या तो धुतात आणि पुन्हा घालतात.