कँपरमधलं कपाट

सहा वर्षांपूर्वी आम्ही एक जुना पॉप-अप कँपर घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गाडीमागे ओढायचा चपटा ट्रेलर. मुक्कामाला पोचून हँडल फिरवलं की छप्पर वर जातं, दोन्हीकडून पलंग बाहेर येतात आणि कापडी भिंतींची खोली तयार. झकास प्रकार! फक्त सामान ठेवायला जागा नाही. भिंतीच कापडाच्या, खिळा ठोकणार कुठे? आणि आमचं कँपिंग म्हणजे कुकर, पोळपाट, मिसळणाचा डबा, पाच किलो तांदूळ. सॉसेज भाजून भागत नाही.

तर मी कपाट केलं. पाऊण इंची प्लायवूड, चार ड्रॉवर, बंद छपराखाली मावेल इतकं बुटकं. बसवलं अगदी मागच्या टोकाला, कारण रिकामी जागा तिथेच होती. खालच्या खणात पाण्याचे कॅन. तीन वीकेंड गेले, पण कॉलर ताठ.

२०२३ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसहून सॅन होजेला परतताना ग्रेपव्हाइनचा उतार लागला. आय-फाइव्हवरचा हा घाट चांगलाच तीव्र. सावकाश उतरणाऱ्या एका ट्रकला मागे टाकताना वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर झुलायला लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. मुलगी मागे झोपलेली. पाय ब्रेककडे जात होता, पण कुठेतरी वाचलेलं नशिबाने आठवलं. गाडीचा ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि हाताने कंट्रोलर दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. झुलणं थांबलं. खाली पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. गॅस स्टेशनवर बायको म्हणाली, "ते कपाट काढ."

आता लाज वाटण्याचा भाग. असा ट्रेलर म्हणजे चाकांच्या आसावरचा सी-सॉ. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे हिचवर यायला हवा. मागे वजन वाढलं की पुढचा भार कमी होतो आणि शेपूट हलायला लागते. घरी सामान तसंच ठेवून मोजलं. तीन फुटी फळी, एका टोकाखाली वीट, दुसऱ्याखाली बाथरूममधला वजनकाटा, विटेपासून एक फुटावर ट्रेलरची दांडी. काट्याचा आकडा गुणिले तीन. आले १८० पौंड! एकूण वजन ट्रकवाल्यांच्या काट्यावर केलं होतं, २८६०. म्हणजे जेमतेम सव्वासहा टक्के. आणि ऑफिसात लोड टेस्टिंगवर लेक्चर झोडणारा मीच.

नवी व्यवस्था दिसायला गरीब आहे. दारामागे टांगतात तसले बुटांचे कापडी कप्पे आणले, मुक्कामाला पोचलं की छपराच्या दांडीला अडकवायचे. त्यात चमचे, टॉर्च, औषधं. (खाणं योसेमिटीत लोखंडी लॉकरमध्येच ठेवावं लागतं. कापडी भिंतीला अस्वल भिंत मानत नाही.) कुकर आणि तांदूळ बाकाखाली, आसाच्या जरा पुढे. पाणी कँपग्राउंडवरच भरायचं, एक गॅलन म्हणजे सव्वाआठ पौंड होतात राव! आता एकूण २७००, हिचवर ३१५.

कपाट गॅरेजमध्ये आहे, मुलीने त्यात स्केट्स ठेवलेत. कँपरच्या तळाला त्याच्या स्क्रूंची आठ भोकं अजून तशीच आहेत. पावसाच्या आधी बुजवायला हवीत. उद्या जमलं तर बघतो.